यादीत माझंच नाव कोरं

आदरणीय डॉक्टर,

मी एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीला २९ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मेट्रनबाईंनी बोलावून माझ्या हातात एक यादी दिली. माझ्या वॉर्डातली ४१ नावं आणि पुढे दोन रकाने, ‘घेतला’ आणि ‘नाकारला’. कोविडचा बूस्टर कोणी घेतला, कोणी नाही, हे महिनाअखेरीला भरून द्यायचं आहे. आत्तापर्यंत ‘घेतला’मध्ये १३ खुणा आहेत आणि त्यातल्या ९ डॉक्टरांच्या.

बाकीच्यांची कारणं ऐकून मी थकले. एक सिस्टर म्हणते, आधीचे सगळे डोस घेऊनही मला दोनदा झालाच की. आमचा एक पंचविशीतला ब्रदर मोबाईलवर हार्टचे व्हिडिओ दाखवत फिरतो. मावशींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, “सिस्टर, आधी तुम्ही घ्या, मग बोला.” तिथे माझी बोलतीच बंद झाली, कारण मीही घेतलेला नाही.

का नाही घेतला, ते मला धड सांगता येत नाही. मागच्या डोसनंतर दोन दिवस अंग मोडून आलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो काळच आठवायला नको वाटतो. वय ५३ आहे, शुगर आहे पण गोळ्यांवर ताब्यात आहे. मी लसीच्या विरोधात नाही. माझ्या हाताने हजारोंना लस टोचली आहे. मग माझाच दंड पुढे का होत नाही? आणि बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?

ता.क. आमची एक स्टाफ सहा महिन्यांची गरोदर आहे. तिला घरच्यांनी काहीही टोचून घ्यायचं नाही असं बजावलंय. तिला काय सांगू?

— एक इन्चार्ज सिस्टर

सिस्टर,

मावशींचं काही चुकलं नाही. त्यांच्या बोलण्यात मला टोमणा कमी आणि भरवसा जास्त दिसतो. परिपत्रक त्यांनी वाचलेलं नसणार, आणि वाचलं असतं तरी त्यावरून त्या काही ठरवणार नव्हत्या. त्या तुमच्याकडे बघून ठरवणार आहेत. वॉर्डात नेहमी हेच चालतं. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या बेडकडे वळले की रुग्ण हळूच सिस्टरला विचारतो, “ही गोळी खरंच घ्यायची ना?”

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण गेला महिनाभर तुमच्या डोक्यात घोळत असणार. तिला जरा बाजूला ठेवा. रोज लस टोचणाऱ्याच्या मनात लसीबद्दल शंका येत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. आत काम केलेल्याला खरं माहीत असतं. रुग्णाच्या अंगात औषध जाताना आपल्याला त्याचा फायदा दिसतो, आणि स्वतःच्या अंगात जायची वेळ आली की पाहिलेल्या सगळ्या रिअॅक्शन एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शंभरातल्या नव्याण्णव जणांना काही झालं नाही, ते कोणाला आठवतात? आठवतो तो एक.

ही आजची गोष्ट नाही. हेपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झाली. ज्यांच्या रक्तात तो विषाणू कायम मुक्काम करून राहतो, अशा माणसांच्या रक्तद्रवापासून (प्लाझ्मापासून) ती बनवलेली होती. नेमके त्याच वर्षी एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. रक्तद्रव देणाऱ्यांत समलिंगी पुरुष बरेच होते आणि एड्सही सुरुवातीला त्यांच्यातच दिसला. झालं! या लसीची ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्या डॉक्टर-नर्सांनीच हात आखडता घेतला. विषाणू मारण्याच्या तीन-तीन प्रक्रियांमधून ती लस जात होती, आणि तिच्यामुळे कोणाला एड्स झाल्याचं पुढेही कधी आढळलं नाही. तरी धास्ती गेली नाही. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली, रक्ताचा संबंध संपला, आणि मग माणसं हळूहळू पुढे यायला लागली. अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना १९८३ साली हेपॅटायटिस बी चे अंदाजे १७,००० संसर्ग झाले होते. १९९५ साली हा आकडा ४०० वर आला. त्यात ग्लोव्हजचा आणि सुया टाकायच्या डब्यांचा वाटा आहेच, पण मोठा हिस्सा लसीचा.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय, कारण त्या कचरणाऱ्यांपैकी कोणी अडाणी नव्हतं. त्यांना विषाणूशास्त्र येत होतं. त्यांची शंका त्या वेळी अगदी वेडगळही नव्हती. तुमच्या यादीतल्या २८ जणांकडेही तुम्ही आधी याच नजरेने बघा, आणि त्या २८ मध्ये स्वतःला धरा.

आता माझी एक फजिती सांगतो.

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा याच हेपॅटायटिसच्या लसीचे दोन डोस घेतले आणि तिसरा, सहा महिन्यांनी घ्यायचा, तो घेतलाच नाही. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. आज ड्युटी, उद्या ड्युटी, परवा झोप, असं करत राहून गेला. एका रात्री कॅज्युअल्टीत रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण लावायला गेलो (लावायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं) आणि सुई डाव्या अंगठ्यात गेली. ग्लोव्हच्या आत, पांढऱ्या रबराखाली, मोहरीएवढा लाल ठिपका आला आणि बघता बघता पसरला. ग्लोव्ह ओरबाडून काढला, नळाखाली अंगठा धरला आणि पिळत बसलो. पिळायचाही नसतो, साबण-पाण्याने नुसता धुवायचा असतो. त्या रुग्णाची कुठलीच तपासणी झालेली नव्हती. रुग्ण हेपॅटायटिस बी चा असेल आणि ज्याला सुई लागली त्याला लसीचं संरक्षण नसेल, तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हे वाक्य मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. रिपोर्ट यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. निगेटिव्ह होता.

पण मला त्या रात्रीपेक्षा जास्त आठवते ती सकाळ. कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात एक वयस्क सिस्टर बसायच्या. त्यांनी विचारलं, “तिसरा कधी घेतलात?” मी म्हणालो, “राहूनच गेला.” आता उपदेशाचा डोस मिळणार म्हणून मी मान खाली घालून उभा. त्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख लिहिली आणि म्हणाल्या, “बाही वर करा.” बस्. पुढच्या तीस वर्षांत लसीकरणावरची किती भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. त्या तीन शब्दांनी जे काम केलं ते त्यातल्या एकालाही जमलं नाही.

तर आता तुमचा दंड. तो पुढे का होत नाही, याचं कारण तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते घाईघाईने एका ओळीत उरकलंय: “तो काळच आठवायला नको वाटतो.” जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,५०० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तुमच्या माझ्या ओळखीचं त्यात कोणी नसेल असं होणारच नाही. त्या दिवसांत लस घेताना सुटका वाटत होती. आज तीच सुई ते सगळं परत आणते: पीपीईमधला घाम, व्हेंटिलेटरचे अलार्म, नातेवाइकांना फोनवरून दिलेल्या बातम्या. बूस्टर टाळला की ते कपाट बंद राहतं. लसविरोधाचा यात काही संबंध नाही. याला ‘नाकारला’ हा शब्द लागू होत नाही आणि ‘घाबरली’ हाही नाही. मराठीत ‘नकोसं होणं’ म्हणतात तेवढंच हे आहे. फक्त ते स्वतःशी एकदा मोठ्याने म्हणा, म्हणजे दोन दिवसांच्या अंगदुखीवर त्याचं खापर फुटणार नाही.

अंगदुखी खोटी होती असं मी म्हणत नाही. लसीने ताप येतो, हात दुखतो, माणूस गळून जातो. पण एक गंमत तुम्हाला आवडेल. कोविड लशींच्या १२ चाचण्यांचा आढावा २०२२ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांना लस न देता नुसतं निष्क्रिय इंजेक्शन दिलं होतं, त्यांतल्याही ३५ टक्के लोकांना पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा असलं काहीतरी झालं होतं. नाटक नव्हे, त्यांना खरंच ते जाणवलं. होणार म्हणून वाट बघत बसलं की शरीर शोधून काढतं. दुधाने पोळलेली जीभ ताक फुंकते, त्यातलाच हा प्रकार. हा आकडा स्वतःसाठी वापरा, दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नका. “तुझा ताप मनाचा आहे” असं ऐकल्यावर कोणी लस घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि बूस्टरचं म्हणाल तर त्या शब्दाचा बाऊ कोविडपासून सुरू झाला. गंजका पत्रा लागून आलेल्या माणसाला तुम्ही विचारता, “टीटी कधी घेतलं होतं?” दहा वर्षं उलटली असली, किंवा जखम घाण असून पाच उलटली असली, की टोचता. तो बूस्टरच असतो. “मागच्या वेळचं कुठे गेलं?” असं त्यातल्या एकाने तरी विचारलं का? फ्लूची लस तर दर वर्षी घ्यायची. विषाणू रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, कुठले प्रकार लसीत घ्यायचे ते सुचवते.

आता त्या दोनदा कोविड झालेल्या सिस्टरकडे वळू. तिचा मुद्दा उडवून लावण्यासारखा अजिबात नाही. लस घेतली की होणारच नाही, असं सुरुवातीला बऱ्याच जणांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि आता त्याची किंमत आपण मोजतोय. खरा प्रकार असा आहे. लसीनंतर रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) भरपूर वाढतात, आणि काही महिन्यांत उतरतात. नाकातोंडात विषाणू शिरतानाच त्याला अडवायचं काम मुख्यतः या प्रतिपिंडांचं, म्हणून संसर्गापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. मागे राहतात त्या स्मृतिपेशी. दारातच अडवणं त्यांना जमत नाही, पण चोर घरात शिरल्यावर त्या झटकन जाग्या होतात आणि दुखणं फुप्फुसापर्यंत, आयसीयूपर्यंत जाऊ देत नाहीत. हे संरक्षण बरंच जास्त टिकतं. म्हणजे तिला दोनदा झाला हे खरं, आणि दोन्ही वेळा ती घरी बसून बरी झाली असेल तर त्यात आधीच्या डोसांचा हात असणार, हेही खरं.

बूस्टरची मर्यादा दाखवणारा एक अभ्यास तर आपल्यासारख्यांवरच झालाय. इस्रायलमधल्या शीबा वैद्यकीय केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना २०२१ च्या डिसेंबरअखेरीपासून चौथा डोस दिला आणि तीनच डोस घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. प्रतिपिंडं जोरात वाढली. पण तेव्हा ओमायक्रॉनची लाट होती, आणि संसर्ग टळण्याचं प्रमाण एका लसीने ३० टक्के, दुसरीने ११ टक्के एवढंच भरलं. गट लहान असल्यामुळे हे आकडेसुद्धा डळमळीतच. हा अभ्यास त्या सिस्टरला तुम्ही स्वतः सांगा. ती चकित होईल. आत्तापर्यंत तिला फक्त चांगले आकडे सांगितले गेलेत, आणि सगळं चांगलंच सांगणाऱ्या माणसावर आपल्या धंद्यात कोणी विश्वास ठेवत नाही, औषध कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. हे सांगून झालं की पुढचं सांगा: बूस्टर घ्यायचा तो मुख्यतः गंभीर आजार दूर ठेवायला. संसर्गाला आणि तो दुसऱ्याला देण्याला काही महिने थोडा अटकाव होतो, तो वरकड लाभ. तिला अलीकडेच कोविड होऊन गेला असेल तर त्यानेही तिची प्रतिकारशक्ती वाढलेली आहे, तीनेक महिने थांबून घेतला तरी चालण्यासारखं आहे. तारीख विचारा.

ब्रदरच्या बाबतीतही तेच. व्हिडिओ बकवास असतील, त्यामागची गोष्ट बकवास नाही. एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार खरे आहेत. ते दुर्मीळ आहेत, जास्त करून तरुण पुरुषांत आणि दुसऱ्या डोसनंतरच्या काही दिवसांत दिसले, बूस्टरनंतर त्याहून कमी. बहुतेक जण बरे झाले. कोविड झाल्यानेही हृदयाला अशी सूज येते. त्याला हे सांगा, आणि कुठली लस मिळणार आहे तेही सांगा, कारण सगळ्या लशी या प्रकारच्या नसतात. मग हेही कबूल करा, की धडधाकट पंचविशीतल्या मुलाला बूस्टरचा स्वतःपुरता फायदा तुमच्यापेक्षा कमी आहे. देशोदेशीच्या सल्ल्यात आता फरक पडलाय तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये सल्ला बदलला, तेव्हा निरोगी तरुणांना मागे ठेवून वयस्क, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि थेट रुग्णसेवेतले आरोग्य कर्मचारी यांना प्राधान्याच्या गटात ठेवलं. म्हणजे तो त्या गटात येतो तो वयामुळे नाही, कामामुळे. ते काम त्याला पटतं का, एवढंच विचारायचं. नाही पटलं तर नाही. मास्क नीट लावणारा, ताप आला तर घरी राहणारा ब्रदर मला लस घेऊन तापात ड्युटी करणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

यादीतली सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र तुम्ही सहज लिहून गेलात: १३ पैकी ९ डॉक्टर. हे चित्र जगभर दिसतं. डॉक्टरांत लस घेण्याचं प्रमाण जास्त, नर्सांत त्याहून कमी, आणि साफसफाई, ट्रॉली, बेडपॅन सांभाळणाऱ्यांत अनेकदा सगळ्यात कमी. यावर वरच्या मजल्यावरचं उत्तर ठरलेलं: “शिक्षण कमी, जनजागृती करा.” मग भिंतीवर पोस्टर लागतं.

मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. डॉक्टरला दुसऱ्या दिवशी ताप आला तर तो ओपीडी कोणाकडे तरी सरकवतो. मावशींना ताप आला तर? त्या कंत्राटी असतील तर खाडा लागतो, दिवसाचे पैसे जातात, आणि सुपरवायझर वर ऐकवतो ते वेगळंच. लस फुकट असते, लसीनंतरचा दिवस फुकट नसतो. लसीकरणाची वेळ सकाळी दहा ते एक असेल तर नाईटवाल्यांनी झोप मोडून यायचं, आणि सकाळपाळीवाल्यांनी औषधं वाटायच्या, राउंडच्या वेळेत वॉर्ड सोडून जायचं. कोणाला जमतं? ज्याच्या मागे सही करायला ज्युनिअर आहे, त्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लसीबद्दलच्या कचरण्याची तीन कारणं मांडली होती: विश्वास नसणं, आजाराची भीती न वाटणं आणि सोय नसणं. पहिल्या दोहोंवर सगळे बोलतात, कारण त्यात दोष लस घेणाऱ्याचा. तिसऱ्यात दोष लस देणाऱ्याचा असतो.

म्हणून उपदेश करायच्या आधी मेट्रनबाईंकडे जा. दोन मागण्या घेऊन जा. एक, लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी ताप आला तर ती रजा पगारी, आणि हे कंत्राटी लोकांनाही लेखी. दोन, लसीची ट्रॉली वॉर्डात यावी, संध्याकाळच्या हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे दोन पाळ्या एकाच जागी सापडतात. दुसरी मागणी मान्य होईल. पहिलीसाठी भांडावं लागेल. भांडा. २९ वर्षांच्या नोकरीचा एवढा उपयोग व्हायलाच हवा. आणि रोस्टर तुमच्याच हातात आहे, तर एका दिवशी चौघा-पाचांहून जास्त घेऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्धा वॉर्ड अंगदुखीने बसेल आणि उरलेले अर्धे लसीला शिव्या घालतील.

त्या ‘नाकारला’ रकान्याबद्दलही मेट्रनबाईंशी बोला. ज्याने अजून ठरवलेलं नाही त्याला आपण कागदावर नकार द्यायला लावतो, आणि एकदा माणसाने नकारावर सही केली की तो नकार सांभाळत बसतो. तिसरा रकाना आखा: ‘अजून ठरवलं नाही’. पहिलं नाव तुमचं टाका आणि यादी ड्युटीरूमच्या टेबलावर उघडी न ठेवता ड्रॉवरमध्ये ठेवा. कोणी घेतला, कोणी नाही, हा चहाच्या वेळचा विषय होता कामा नये.

सक्ती आली तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण यादी आली की तिच्या मागून सक्तीची कुजबुज येतेच. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे खोटं नाही. अमेरिकेत सिअॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ च्या हंगामात फ्लूची लस नोकरीची अट केली आणि प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. पण तिथल्याच परिचारिकांच्या संघटनेने, आम्हाला न विचारता ही अट घातलीच कशी, म्हणून दाद मागितली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि संघटना जिंकली. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविडची लस सक्तीची व्हायची होती. आधीच माणसं कमी, त्यात आणखी जातील या धास्तीने ३१ जानेवारीला सरकारने माघार जाहीर केली. माझं मत विचाराल तर हेपॅटायटिस बी साठी मी कडक राहीन, कारण तिथे संरक्षण भक्कम आणि वर्षानुवर्षं टिकणारं आहे. ज्याचा संसर्गावरचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो त्या बूस्टरसाठी कोणाची नोकरी टांगणीला लावणं मला पटत नाही. यावर माझे जुने सहकारी माझ्याशी वाद घालतात, आणि त्यांतले काही माझ्यापेक्षा हुशार आहेत.

गरोदर मुलीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझ्या मनात घोळ नाही. गरोदरपणात कोविड झाला तर आईचा आजार गंभीर होण्याचा आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. लस घेतलेल्या आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाला स्वतःची लस नसते तेव्हा ती कामी येतात. हे तिला तुम्ही सांगू शकता. पण तिच्या घरच्यांना तिने एकटीने तोंड द्यावं अशी अपेक्षा करू नका. पुढच्या तपासणीला घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन जा म्हणावं, आणि प्रसूतितज्ज्ञांनी ते त्यांच्यासमोर सांगावं. तोवर तिची ड्युटी खोकणाऱ्या रुग्णांच्या खोलीत लावू नका.

राहिल्या तुम्ही. ५३ वय, शुगर, आणि दिवसाचे आठ तास मेडिसिन वॉर्ड. तुम्ही माझ्या पेशंट असता तर मी सांगितलं असतं, घ्या. शुगर ताब्यात आहे ही चांगली गोष्ट, पण ताप आला की ती ताब्यात राहत नाही, हे तुम्ही रोज चार्टवर लिहिता. मागच्या डोसनंतर नुसती अंगदुखी झाली होती ना? श्वास लागणं, अंगावर गांधी उठणं, छातीत दुखणं असलं काही झालं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. नसेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, ड्युटी संपवून, ज्या हाताने लिहीत नाही त्या दंडात घ्या. घरी पॅरासिटामॉल असू द्या. त्या रात्री उगाच थर्मामीटर लावून बसू नका.

मावशींना आधी काही सांगू नका. ट्रॉली वॉर्डात आली की त्यांना हाक मारा, म्हणावं, “मावशी, जरा माझी बाही धरता का?”